ग्लव्ज कुठले घेऊ? बॉक्सिंगवर वाचकांचे प्रश्न

जूनमध्ये नवीन बॅचेस सुरू झाल्या की सगळ्यांचा एकच प्रश्न येतो, ग्लव्ज कुठले घेऊ. यावेळचे बहुतेक मेल त्यावरच होते म्हणून पूर्ण सदर ग्लव्जलाच दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि नावं न छापता फक्त गावं दिली आहेत.

प्रश्न : माझं वय २२, वजन ७२ किलो. महिन्यापूर्वी बॉक्सिंगचा क्लास लावला. दुकानदार म्हणतो तुझ्या हाताला १० बसेल, सर म्हणतात १६ औंसचे घे, आणि क्लासमधला मित्र म्हणतो १२ घे, सगळ्याला चालतात. बजेट अडीच हजार आहे. नक्की काय घेऊ? (सांगली)

मित्रा, आधी औंसचं नीट समजून घे, निम्मा गोंधळ तिथेच आहे. औंस म्हणजे ग्लव्हचं वजन, चपलेच्या नंबरसारखं माप नाही ते. एक औंस साधारण २८ ग्रॅम, म्हणजे १० औंसचा एक ग्लव्ह २८० ग्रॅमच्या आसपास आणि १६ चा साडेचारशे. हे वजन वाढतं ते मुख्यतः आतल्या पॅडिंगमुळे. औंस वाढला की आतली जागाही थोडी मोठी होते, पण ती किती ते प्रत्येक कंपनीचं वेगळं, एकाच्या १२ मध्ये हात घट्ट बसतो आणि दुसऱ्याच्या १२ मध्ये हात आत फिरतो.

तुझा दुकानदार फक्त हात आत शिरतो का एवढंच बघतोय. १० औंस हे मॅचचे ग्लव्ज. ॲमॅच्युअर स्पर्धांमध्ये हलक्या वजनगटांना १० आणि पुरुषांच्या वरच्या गटांना १२ औंस देतात, प्रोफेशनलमध्ये तर वेल्टरवेटपर्यंत म्हणजे साधारण ६६.७ किलोपर्यंत ८ औंस आणि त्याच्यावर १०. मॅचमध्ये पंच लागायला हवा म्हणून पॅडिंग कमी असतं, रोज संध्याकाळी पंचिंग बॅगवर शेकडो पंच मारायला ते ग्लव्ज नाहीतच, तुझ्या वजनाचा मुलगा १० घालून बॅगवर गेला की पंधरा दिवसात नकल्स, म्हणजे मुठीची हाडं जिथे पुढे येतात ते सांधे, दुखायला लागतात.

सर १६ म्हणतायत ते स्पारिंगचा, म्हणजे समोर पार्टनर घेऊन केलेल्या सरावाच्या लढतीचा विचार करून आणि त्यांचं बरोबर आहे, मोठ्या माणसांच्या स्पारिंगला बहुतेक ठिकाणी १६ च घालायला लावतात, एकदम हलक्या वजनाचे असतील तर १४. पण तू महिनाभरच जातोयस, अजून बॅग, पॅड (कोचच्या हातातल्या गाद्यांवर मारणं) आणि शॅडो (हवेत पंच मारणं) एवढंच चालू असेल, स्पारिंगला वेळ आहे. मित्राचं मात्र मला अजिबात पटत नाही. सगळ्याला चालणारी एकच जोडी हा सल्ला पैसे वाचवणारा वाटतो पण त्याची किंमत समोरचा मोजतो. बॅगवर मारून मारून फोम नकल्सच्या जागी दबत जातो, वरून ग्लव्ह नवाकोरा दिसतो आणि आत त्या जागी पातळ थर उरलेला असतो, तेच घालून तू स्पारिंगला उतरलास की पार्टनरच्या नाकावर जवळजवळ तुझी मूठच बसते. म्हणून बॅगचे वेगळे आणि स्पारिंगचे वेगळे, यात मी कोणालाच सूट देत नाही.

तुझ्यासाठी १४ औंस घे, वेल्क्रोवाले, सिंथेटिक. सतराशे ते दोन हजारात बऱ्यापैकी चांगली जोडी मिळते. उरलेल्या पैशात बँडेजच्या, म्हणजे ग्लव्हच्या आत हाताला गुंडाळायच्या पट्टीच्या दोन जोड्या घे, एक धुवून वाळत असेल तेव्हा दुसरी वापरायची. वजन ६० च्या आत असतं तर १२ सांगितले असते, ८५ च्या पुढे असतं तर बॅगलाही १६. स्पारिंग सुरू होईल तेव्हा १६ ची जोडी घ्यायची आणि ती बॅगला लावायचीच नाही, तोपर्यंत सरांना सांग की १६ ची जोडी स्पारिंग सुरू झालं की घेणार आहे, ते समजून घेतील.

दुकानात जाताना बँडेज सोबत ने आणि हाताला बांधूनच ग्लव्ह घालून बघ, मोकळ्या हाताला चपखल बसलेला ग्लव्ह बँडेजवर चढतच नाही. ग्लव्ह घातल्यावर बोटांची टोकं आतल्या शिवणीला अलगद टेकली पाहिजेत, दुमडायला नकोत आणि मध्ये बोटभर जागाही राहायला नको. मग मूठ आवळ. सहज आवळली गेली पाहिजे आणि आत जो दांडा असतो तो तळव्यात धरता आला पाहिजे. नवीन ग्लव्ह थोडा कडक असतो ते ठीक, पण मूठ मिटायलाच जोर लागत असेल तर ठेवून दे. अंगठा सरळ, ताणलेला नको. शेवटी वेल्क्रो लावून दुसऱ्या हाताच्या तळव्यावर हळू ठोसा मार आणि बघ मनगट वाकतंय का. मनगटावरचा पट्टा आखूड असेल किंवा मऊ असेल तर बाकी सगळं आवडलं तरी ती जोडी घेऊ नको.

प्रश्न : ऑफिसनंतर आठवड्यातून तीन दिवस जिममध्ये फिटनेस बॉक्सिंग करतो. वय ३४. हल्ली उजव्या हाताच्या करंगळीच्या मागची बाजू दुखते आणि कधी कधी मनगट मुडपतं. जिमचेच ग्लव्ज वापरतो, बँडेज बांधत नाही कारण क्लास पटकन सुरू होतो. जाड ग्लव्ज घेतले तर त्रास थांबेल का? (ठाणे)

दादा, जाड ग्लव्ज नंतर, आधी हाताचं बघू. करंगळीच्या मागे हातात जे लांब हाड असतं, पाचवं मेटाकार्पल, ते नकलच्या जवळ म्हणजे हाडाच्या मानेशी मोडणं हे इतकं कॉमन आहे की डॉक्टर त्याला बॉक्सर्स फ्रॅक्चरच म्हणतात. हातावर सूज असेल, मूठ मिटल्यावर करंगळीचं नकल बाकीच्यांपेक्षा खाली बसलेलं दिसत असेल किंवा मूठ मिटताना करंगळी अनामिकेवर चढत असेल तर हे वाचणं थांबवा आणि ऑर्थोपेडिककडे जाऊन एक्स-रे काढा. तसं काही नसेल तरी दोन आठवडे बॅग बंद, फूटवर्क आणि दोरी चालू ठेवा.

आता कारण. पंच बसायला हवा तर्जनी आणि मधल्या बोटाच्या नकल्सवर, ती दोन हाडं जाड आहेत आणि मनगटाच्या सरळ रेषेत येतात. नवीन माणूस दमला की कोपर बाहेर जातं, पंच बाहेरून फिरून येतो आणि सगळा भार करंगळीच्या बाजूला पडतो, ते हाड त्या कामाचं नाही. फिटनेस क्लासमध्ये म्युझिक लावून शेवटच्या मिनिटाला जोरात जोरात ओरडतात ना, तेव्हाच हे सगळ्यात जास्त होतं. त्या मिनिटाला जोर निम्मा करा, कोणी काही म्हणू द्या.

आणि बँडेज. इथे मी आग्रह धरणार आहे. ग्लव्हचं पॅडिंग बाहेरचा धक्का घेतं पण हातातली छोटी छोटी हाडं एकमेकांना धरून ठेवायचं काम बँडेजचं. साडेचार मीटरचं, म्हणजे पाकिटावर १८० इंच लिहिलेलं असतं ते घ्या, थोडं ताणलं जाणारं असेल तर बांधायला सोपं. टोकाचा लूप अंगठ्यात घालायचा, बँडेज हाताच्या पाठीवरून मनगटाकडे न्यायचं आणि मनगटाला तीन वेढे. तिथून तिरकं वर आणून नकल्सवर तीन वेढे, यावेळी बोटं पूर्ण फाकवून ठेवायची नाहीतर नंतर मूठ मिटत नाही. मग बोटांच्या मधून: करंगळी आणि अनामिकेच्या मधून काढून मनगटापाशी आणायचं, परत अनामिका आणि मधल्या बोटाच्या मधून, परत मधलं आणि तर्जनी. अंगठ्याला एक वेढा देऊन बाकीच्या हाताशी जोडून घ्यायचा, पुन्हा नकल्सवर दोन वेढे आणि उरलेलं सगळं मनगटावर संपवून वेल्क्रो. हात उघडा असताना किंचित सैल आणि मूठ आवळली की घट्ट, एवढं जमलं म्हणजे बरोबर बांधलंय. बोटांना मुंग्या आल्या किंवा टोकं निळसर दिसली तर सोडून परत बांधायचं. सवय झाली की दोन्ही हातांना मिळून चार-पाच मिनिटं लागतात, तेवढं लवकर पोचा.

जिमचे कॉमन ग्लव्ज मात्र सोडाच. दिवसभरात कित्येक हात त्यात जातात, फोम कधीच बसलेला असतो. अंगठ्याने नकल्सच्या जागेवर दाबून बघा, लगेच आत काहीतरी कडक लागलं तर ते ग्लव्ज संपलेत. स्वतःचे १४ घ्या आणि मनगटाचा पट्टा रुंद असलेलेच घ्या. एक अजून, तुमच्या जिमची बॅग खालच्या बाजूला दगडासारखी आहे का बघा. बऱ्याच ठिकाणी वाळू भरतात, ती सहा महिन्यात खाली बसते आणि खालची बाजू कडक होते. बॅगेत जुन्या कपड्यांच्या चिंध्या ठासून भरायच्या असतात, जिमवाल्यांना सांगून बघा, नाहीच ऐकलं तर बॅगच्या मधल्या भागावरच मारा, खाली बॉडीशॉटची (पोटा-बरगड्यांवर मारायच्या पंचची) प्रॅक्टिस तिथे करू नका.

प्रश्न : माझी मुलगी ११ वर्षांची आहे, वजन ३३ किलो. शाळेतल्या मैत्रिणीबरोबर बॉक्सिंगला जायचं म्हणते. घरात आजी-आजोबांचा विरोध आहे, मला पाठवायचं आहे पण भीतीही वाटते. ग्लव्ज मोठ्यांचे थोडे मोठे घेऊन ठेवू का, वाढत्या अंगाचे म्हणून? (नाशिक)

ताई, पाठवा. मोठे ग्लव्ज मात्र घेऊ नका. कपडे वाढत्या अंगाचे घेतलेले चालतात, ग्लव्ज नाही, कारण सैल ग्लव्हमध्ये हात आत सरकतो आणि पंच बसताना मनगट मुडपतं. तिला ज्युनियर कटचे ६ किंवा ८ औंसचे घ्या. ज्युनियर कट म्हणजे आतली जागाच लहान असते, मोठ्यांचा ८ औंसचा ग्लव्ह वेगळा. वर्ष-दीड वर्षात बदलावे लागतील, ते धरून चाला आणि म्हणून फार महागही घेऊ नका. बँडेज १२० इंच म्हणजे तीन मीटरवालं, मोठं बँडेज लहान हाताला इतके वेढे घेतं की मूठच मिटत नाही. पहिले काही दिवस कोच बांधून देतील, नंतर तिलाच शिकू द्या, मुलं हे फार मन लावून शिकतात.

भीतीचं म्हणाल तर कोचना सरळ एक प्रश्न विचारा, स्पारिंग कधी सुरू करता. स्पर्धेचा सगळ्यात लहान गट साधारण १३-१४ वर्षांचा असतो, म्हणजे ११ व्या वर्षी डोक्यावर पंच खायची काहीही घाई नाही. या वयात पाय, तोल, अंतर, गार्ड (हात वर ठेवून चेहरा झाकणं) आणि पॅडवर नीट मारणं एवढं दोन वर्षं पुरून उरतं. पहिल्याच महिन्यात मुलांना एकमेकांसमोर उभं करून मारामारी लावत असतील तर तो क्लास सोडा, दुसरा बघा, यावर चर्चा करण्यासारखं काही नाही. चांगला कोच तुम्हाला बाकावर बसून क्लास बघायला नाही म्हणत नाही.

आजी-आजोबांना सांगा की पुण्याच्या देविका घोरपडेने २०२२ मध्ये यूथ वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये ५२ किलो गटात गोल्ड मेडल आणलं. मेडल प्रत्येकीला मिळेल असं नाही, पण आपल्याकडच्या मुली हे करतात आणि धडधाकट असतात हे त्यांना समजू दे. महिनाभर पाठवा आणि एक दिवस आजोबांनाच तिला आणायला पाठवा, ते स्वतः बघतील.

प्रश्न : १६ औंस ग्लव्ज आणि हेडगार्ड घालून स्पारिंग केलं तर फुल पॉवरने मारायला हरकत नाही ना? आमच्याकडे सगळे तसंच करतात. (पिंपरी)

हरकत आहे, मोठी हरकत आहे. पॅडिंगमुळे कातडी फाटणं, भुवई फुटणं, सूज हे कमी होतं. पण पंच बसल्यावर डोकं जे झटक्यात फिरतं त्याने मेंदू आतल्या आत हलतो आणि ते ना १६ औंस थांबवू शकत ना हेडगार्ड. पूर्वी उघड्या मुठीने लढायचे तेव्हा लोक डोक्यावर जपून मारायचे, हात मोडायचा म्हणून. १८६७ च्या क्वीन्सबेरी नियमांनी ग्लव्ज सक्तीचे झाले आणि हात सुरक्षित झाला, त्यानंतर डोक्यावर मारणं उलट सोपं झालं. पुरुषांच्या एलिट ॲमॅच्युअर बॉक्सिंगमधून २०१३ मध्ये हेडगार्ड काढून टाकलं आणि २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये पुरुष बॉक्सर हेडगार्डशिवाय उतरले, महिलांचं मात्र राहिलं. म्हणजे हेडगार्ड घातलं की डोकं वाचतं असा जो समज आहे तो या खेळात वरपर्यंत तपासला गेलाय.

रोजचं स्पारिंग तीस-चाळीस टक्के जोरावर, टायमिंग आणि अंतर शिकण्यासाठी. जोरात मारायचं असेल तर बॅग आहे. स्पारिंगमध्ये डोक्यावर जोरात बसून गरगरलं, मळमळलं, डोकं ठणकायला लागलं, तर त्या दिवसाचं तिथेच थांबवायचं, डॉक्टरांना दाखवायचं आणि त्यांनी सांगेपर्यंत परत स्पारिंगला उतरायचं नाही. सगळे करतात म्हणून तूही करू नकोस, आणि माउथगार्डशिवाय तर रिंगमध्ये पाऊलच टाकू नको.

प्रश्न : मी २७ वर्षांची, वजन ५२. माझे हात लहान आहेत. १२ औंसचे युनिसेक्स ग्लव्ज घेतले पण आत हात फिरतो. लेडीज ग्लव्ज म्हणून मिळतात ते खरंच वेगळे असतात का फक्त गुलाबी? (पुणे)

काही खरंच वेगळे असतात, काही फक्त गुलाबी. ओळखायचं कसं ते सांगतो. शिवायची टेप घे, अंगठा सोडून नकल्सच्या खाली तळव्याभोवती गुंडाळ आणि माप लिहून ठेव. चांगल्या कंपन्यांच्या पेजवर औंसच्या तक्त्यासोबत हाताच्या घेराचा तक्ताही असतो, त्यात स्मॉल-मीडियम वेगळं दिलेलं असेल तर ती कंपनी आतली जागा खरंच बदलते. फक्त रंग आणि औंस लिहिलं असेल तर तोच साचा आहे असं समज. ऑनलाइन घेणार असशील तर रिटर्न होतात ना ते आधी बघ, बँडेज बांधून घरातच घालून बघ आणि बॅगला लावायच्या आधी ठरव.

आत्ताचे लगेच फेकू नको. १८० इंचाचं थोडं जाड बँडेज किंवा बँडेजच्या आत नकल्सवर जेलची पट्टी घालून बघ, बऱ्याचदा तेवढ्याने ग्लव्ह भरतो. तरीही हात फिरत असेल तर १० औंसचे लहान कटचे घे, तुझ्या वजनाला बॅगसाठी ते ठीक आहेत. स्पारिंगला मात्र १४ आणि तिथे फिटिंगसाठी थोडं शोधावं लागेल, लेसवाले मिळाले तर उत्तम कारण लेस मनगटापासून वरपर्यंत आवळता येते, फक्त बांधायला दुसरं कोणीतरी लागतं.

प्रश्न : म्हापशाला मुए थाय (थायलंडचं किक-बॉक्सिंग) आणि एमएमए (मिक्स्ड मार्शल आर्ट्स) दोन्हीचा क्लास लावलाय. बॉक्सिंगचे ग्लव्ज आहेत तेच चालतील का? (गोवा)

मुए थायला सुरुवातीला चालतील. थाई ग्लव्जचा तळवा जास्त मोकळा असतो कारण क्लिंचमध्ये, म्हणजे जवळून धरून लढताना, समोरच्याची मान धरावी लागते, आणि पॅडिंग हाताच्या पाठीवर सगळीकडे सारखं पसरलेलं असतं कारण त्यावर किक अडवतात. बॉक्सिंगच्या ग्लव्हमध्ये पॅडिंग नकल्सकडे जास्त असतं. ट्विन्स, फेअरटेक्स या थायलंडच्या कंपन्या, त्यांचे १४ किंवा १६ घेतलेस तर बॉक्सिंगच्या क्लासलाही चालतात, म्हणून पुढची जोडी ती घे. एमएमएचे बोटं उघडी असलेले चार औंसचे ग्लव्ज मॅचचे असतात, ते घालून कोणाशी स्पारिंग करू नको. स्पारिंगसाठी सात औंसचे जाड मिळतात, ते बघ.

प्रश्न : पावसाळ्यात ग्लव्जना भयंकर वास येतो आणि यावर्षी आत पांढरी बुरशी आली. घरच्यांनी बाहेर गॅलरीत ठेवायला लावलेत. मशीनमध्ये धुतले तर? (रत्नागिरी)

मशीनमध्ये नको! फोम पाणी धरून ठेवतो, कोकणातल्या जुलैत तो आतपर्यंत कधीच वाळणार नाही आणि पॅडिंगचे थर सुटून एका बाजूला गोळा होतात. बुरशी आलेली असेल तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं घेऊन कापड त्यात भिजवून घट्ट पिळायचं आणि आतून पुसायचं, मग पंख्यासमोर तोंड उघडं करून ठेवायचं. एकदोनदा केल्यावरही बुरशी परत येत असेल तर ती शिवणीच्या आत गेली, ते ग्लव्ज टाकून द्या, हाताला पुरळ उठवून घेण्यात काही अर्थ नाही.

पुढच्या जोडीला पहिल्या दिवसापासून एवढं करा. क्लास संपला की ग्लव्ज बॅगेत कोंबायचे नाहीत आणि स्कूटरच्या डिकीत तर नाहीच, बाहेर लटकवून न्यायचे. घरी आलं की वेल्क्रो पूर्ण उघडायचं, आत कोरडं कापड फिरवायचं आणि जुन्या पेपरचे बोळे घालायचे, तासाभरात ते ओले होतात ते काढून फेकायचे आणि रात्रभर पंख्याखाली. गॅलरीत पावसाळी हवेत ठेवून काही वाळत नाही, घरच्यांना सांगा वाळले की वासही जाईल. बुटांच्या खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या येतात त्या जपून ठेवा आणि वाळलेल्या ग्लव्जमध्ये टाका. टाल्कम पावडर घालू नका, घामाने तिचा लगदा होतो. डांबरगोळ्याही नकोत, तेच हात तोंडाला लागतात. कडक उन्हातही ठेवू नका, लेदर असो की रेक्झिन, तडकतं. आणि बँडेज प्रत्येक वेळी धुवायचंच, अर्धा वास त्याचाच असतो.

प्रश्न : लेदर घ्यावं का सिंथेटिक? लेस का वेल्क्रो? (छत्रपती संभाजीनगर)

पहिली जोडी सिंथेटिक आणि वेल्क्रो. वर्षभर टिकून खेळलात आणि आठवड्यातून चार-पाच दिवस जात असाल तर दुसरी जोडी लेदर, ती हाताच्या आकाराला बसत जाते आणि नीट ठेवली तर कित्येक वर्षं जाते. परदेशी नावाच्या मागे लागायलाच हवं असं नाही. फाळणीनंतर सियालकोटचे खेळाचं सामान बनवणारे कारागीर जालंधर आणि मेरठला आले, ही दोन्ही शहरं आजही त्या धंद्याची आहेत आणि तिथून येणाऱ्या लेदर ग्लव्जमध्ये साडेतीन-चार हजारात खूप चांगलं काम मिळतं. शिवण बघा, अंगठा मुख्य भागाला पट्टीने जोडलेला आहे ना ते बघा, सुटा अंगठा समोरच्याच्या डोळ्यात जातो. मेक्सिकन पद्धतीच्या काही ग्लव्जमध्ये घोड्याचे केस भरतात, त्यात पंच कडक लागतो, ते प्रोफेशनल फायटरसाठी, आपल्याला फोमच हवा.

प्रश्न : आधी कुस्ती करायचो, दोन वर्षांपासून बॉक्सिंग. पुढच्या महिन्यात पहिली जिल्हा स्पर्धा आहे, ६० किलोच्या आसपास खेळेन. स्पर्धेसाठी १० औंसचे नवीन ग्लव्ज घ्यायला लागतील का? (कोल्हापूर)

नाही लागत. स्पर्धेत ग्लव्ज आयोजकांकडून मिळतात, लाल आणि निळे, रिंगपाशीच घालायला देतात आणि बाउट (लढत) झाली की काढून घेतात. तुझं स्वतःचं लागतं ते बँडेज, माउथगार्ड, ॲब्डॉमिनल गार्ड, बूट आणि दोन्ही रंगांची जर्सी-शॉर्ट्स. बँडेज साडेचार मीटरपेक्षा लांब चालत नाही आणि त्यात जास्तीचं कापड, टेप असलं काही कोंबायचं नाही, तपासतात. तुमच्याकडे तुझ्या वयोगटाला हेडगार्ड कंपल्सरी आहे का ते कोचना आत्ताच विचार.

तरी एक कर. तू दोन वर्षं १४-१६ औंसवर हात चालवलास, स्पर्धेत १० आले की हात एकदम हलका वाटतो, पहिल्या राउंडला माणूस सुसाट सुटतो आणि दुसऱ्यात श्वास संपतो. आणि १६ च्या जाड ग्लव्हमागे जो गार्ड पक्का वाटायचा त्यात १० औंस घातल्यावर फटी पडतात, पंच मधून शिरतो. म्हणून क्लबमध्ये १० ची जोडी असेल तर शेवटचे दोन-तीन आठवडे त्यावर पॅड आणि शॅडो कर, घ्यायची असेल तर कोणाकडून मागून घे, विकत नको. स्पारिंग १६ वरच चालू ठेव आणि शेवटच्या आठवड्यात हलकं कर, पहिल्या स्पर्धेच्या चार दिवस आधी नाक फोडून घेणारी पोरं दरवर्षी बघतो. कुस्तीतून आलायस म्हणजे पाय आणि मान तयार आहे, पण दमलास की समोरच्याला मिठी मारायचा मोह होईल, धरून ठेवलं की रेफ्री आधी समज देतो आणि मग वॉर्निंग, त्यात पॉइंट जातो. माउथगार्ड गरम पाण्यात टाकून दाताला बसवायचा असतो तो आजच बसव आणि रोज घालून प्रॅक्टिस कर, त्यात श्वास घ्यायची सवय व्हायला वेळ लागतो.